शिकलेले शब्द आणि सोसलेले दिवस

माणसाचे राजकीय मत त्याच्या शिक्षणातून घडते की आयुष्यातील अनुभवातून, हा प्रश्न वरकरणी समाजशास्त्राचा वाटतो. साहित्याच्या समीक्षकाने त्यात पडावे काय, अशी शंका वाचकांपैकी कोणी घेईल. परंतु ज्याला आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार तपासावयाचा आहे त्याला हा प्रश्न टाळता येत नाही. सार्वजनिक जीवनात वावरलेला आत्मचरित्रकार केव्हा ना केव्हा आपले मत कसे बनले हे सांगावयास बसतो. आणि ते सांगताना एक तर तो आपल्या गुरुजनांकडे बोट दाखवितो, नाही तर एखाद्या प्रसंगाकडे. त्याच्या या साक्षीवर विश्वास किती ठेवावा हे ठरविणे समीक्षकाचेच काम आहे.

या प्रश्नाच्या विचाराला हुबळी-धारवाडसारखे सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. (हुबळीचे शासकीय नाव २०१४ पासून ‘हुबळ्ळी’ असे झाले आहे, आम्ही मराठीतील रूढ रूप योजिले आहे.) मुंबई इलाख्याच्या दक्षिण टोकाचा हा भाग. एकोणिसाव्या शतकात येथील कचेऱ्यांत आणि सरकारी शाळांत मराठीचे वर्चस्व होते, आणि कन्नडला शाळेत तिचे स्थान मिळावे म्हणून डेप्युटी चन्नबसप्पांसारख्या शिक्षणाधिकाऱ्याला झटावे लागले. धारवाडास कर्नाटक महाविद्यालय निघाले ते १९१७ साली. तोवर उच्च शिक्षण घेऊ इच्छिणारा येथील तरुण बहुधा पुण्याची किंवा मुंबईची वाट धरी. म्हणजे एकाच विद्येचे बी या प्रदेशातील पुष्कळ घरांत पडले. पीक मात्र सर्वत्र सारखे आले नाही. ते का, हे पाहिले म्हणजे आमच्या प्रश्नाचा निकाल लागला नाही तरी त्याची मांडणी तरी नीट होईल.

प्रथम आलूर वेंकटराव यांचे उदाहरण घेऊ. वेंकटरावांचा जन्म १८८० चा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते शिकले, टिळकांच्या विचारांनी भारले गेले, पुढे ‘गीतारहस्या’चे त्यांनी कन्नडात भाषांतर केले. वकिली करण्यासाठी धारवाडास आलेला हा गृहस्थ कर्नाटकाच्या एकीकरणाचा आद्य प्रवक्ता ठरला. ‘नन्न जीवन स्मृतिगळु’ या आत्मकथनात त्यांनी आपल्या या परिवर्तनाच्या मुळाशी १९०५ साली घडलेले हंपीचे दर्शन ठेवले आहे. विजयनगरचे भग्नावशेष पाहिले आणि आपण कोण हे त्यांना उमगले. पुढे १९१७ साली त्यांचा ‘कर्नाटक गतवैभव’ हा ग्रंथ आला, त्याचा उगम याच दर्शनात.

अनुभवाचा पक्ष घेणाऱ्यास याहून चांगला साक्षीदार कोणता हवा? परंतु आम्ही ही साक्ष जशीच्या तशी स्वीकारावयास तयार नाही. हंपीचे ते दगड कमलापूरच्या गुराख्याने रोज पाहिले होते. पिढ्यान् पिढ्या यात्रेकरू विरूपाक्षाचे दर्शन घेऊन त्याच वाटेने परतले होते. त्यांच्या मनात कर्नाटकाचे राजकारण उभे राहिले नाही. वेंकटरावांच्या मनात ते राहिले. कारण भग्नावशेष कसे वाचावेत हे त्यांना पुण्याने शिकविले होते. न्यायमूर्ती रानडे यांचा मराठ्यांच्या उदयावरील ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला होता, राजवाडे यांचे साधनखंड निघू लागले होते, शिवाजी-उत्सव सुरू होऊन काही वर्षे लोटली होती. गतवैभवाच्या स्मरणातून वर्तमानाला जाग आणावयाची, ही रीत त्या काळच्या पुण्यातील हवेतच होती. ती रीत वेंकटराव शिकले मराठी वातावरणात. वापरली मात्र ती कन्नड भूमीवर. शिक्षणाने त्यांना डोळा दिला आणि हंपीने त्या डोळ्यांना पाहण्याजोगे काही दिले. आत्मकथन १९४१ साली, म्हणजे त्या दर्शनानंतर छत्तीस वर्षांनी, प्रसिद्ध झाले. इतक्या अंतरावरून मागे पाहणाऱ्यास शिखर दिसते, चढण दिसत नाही. प्रसंग स्मरणात राहतो आणि त्या प्रसंगाची तयारी करून देणारे वर्ग, मासिके, व्याख्याने विस्मरणात जातात. हा आत्मचरित्राचा स्वभावदोष आहे, लेखकाचा अप्रामाणिकपणा नव्हे.

तर मग शिक्षण हेच खरे कारण, असे म्हणावे काय? तेही घाई केल्यासारखे होईल. धारवाडच्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातील हुदलीचे गंगाधरराव देशपांडे आणि ‘केसरी’चे नरसिंह चिंतामण केळकर यांची जोडी पाहावी. गंगाधररावांचा जन्म १८७१ चा, केळकरांचा १८७२ चा. दोघेही टिळकांच्या तालमीत वाढलेले, दोघेही त्यांचे निकटचे सहकारी, आणि दोघांनीही मराठीत आत्मचरित्र लिहिले. टिळक १९२० च्या ऑगस्टमध्ये गेले. गंगाधरराव गांधीजींच्या मार्गास लागले, खादीच्या कार्यात रमले, आणि १९३७ साली गांधी सेवा संघाच्या संमेलनासाठी गांधीजी हुदलीस आले. केळकर असहकारापासून दूर राहिले आणि प्रतियोगी सहकारितेचे पुढारी झाले. गुरू एक, ग्रंथ एक, पिढी एक. आणि वाटा दोन. जो केवळ शिक्षणावरून मताचा अंदाज बांधील त्याचा हिशेब येथे चुकतो. गंगाधररावांना टिळकांकडून मिळालेले शब्द, ‘स्वराज्य’ हा त्यांतला पहिला, केळकरांनाही मिळाले होते. त्या शब्दाला कोणाचा हात धरून चालवावयाचे, हे मात्र दोघांनी आपापल्या जगण्यातून ठरविले.

आता शिक्षणाऐवजी अनुभव समान ठेवून पाहू. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावास काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजी ज्याचे अध्यक्ष झाले असे हे एकमेव अधिवेशन. आणि त्याच्या उभारणीचा मोठा भार गंगाधररावांच्या शिरावर होता. अधिवेशनाच्या नगरास नाव दिले होते ‘विजयनगर’. वेंकटरावांनी एकोणीस वर्षांपूर्वी हंपीस पाहिलेले स्वप्न अशा रीतीने राष्ट्रीय सभेच्या वेशीवर येऊन उभे राहिले. कर्नाटक एकीकरणाची परिषदही त्याच वेळी तेथे भरली. मंडपात धारवाडहून आलेली अकरा वर्षांची एक मुलगी स्वागतगीत गायिली. ती पुढे गंगूबाई हनगल या नावाने प्रसिद्ध झाली.

नेत्यांच्या दृष्टीने तो सोहळा कसा होता, हे इतिहासग्रंथांतून वाचावयास मिळते. त्या मुलीच्या दृष्टीने तो कसा होता, हे गंगूबाईंनी आपल्या आठवणींत सांगितले आहे. गाण्याहून अधिक चिंता तिला एका गोष्टीची होती: जेवण झाल्यावर आपल्याला पत्रावळी उचलावयास तर सांगणार नाहीत ना? धारवाडच्या शुक्रवार पेठेत, सोवळ्या घरांच्या शेजारात, गाणाऱ्या स्त्रियांच्या कुळातील मुलगी म्हणून वाढताना ज्या गोष्टी तिच्या वाट्यास आल्या होत्या, त्यांनी तिला ही भीती शिकविली होती. तिचे शालेय शिक्षण प्राथमिक वर्गांपलीकडे गेले नाही. परंतु राष्ट्र म्हणजे कोण, त्याच्या पंक्तीला कोणास बसविले जाते आणि उष्टी कोणास काढावी लागतात, हा राजकारणातील अत्यंत मूलभूत प्रश्न त्या मंडपात त्या बालिकेच्या मनात होता. व्यासपीठावरील विद्वानांच्या भाषणांत तो तितक्या उघडपणे आला असेल असे आम्हांस वाटत नाही. एकच मंडप, एकच दिवस. एकास त्यात गतवैभवाचे पुनरुत्थान दिसले, एकास गुरूच्या कार्याचे सातत्य, आणि एकीस पत्रावळी. तेव्हा नुसता अनुभवही मत ठरवीत नाही. कोण कोठे उभे राहून पाहतो, यावर त्याचा अर्थ ठरतो.

येथवर आलेला वाचक म्हणेल, दोन्ही कारणे थोडी थोडी खरी, एवढेच तुम्हांस सांगावयाचे आहे ना? असा तडजोडीचा निकाल देऊन थांबावे असे आम्हांस वाटत नाही. डॉ. आंबेडकरांचे चरित्र या तडजोडीच्या पुढे नेते. कोलंबिया विद्यापीठातून परतल्यावर १९१७ साली बडोद्यास त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत आश्रय घेतला तर तेथूनही काढून लावण्यात आले. त्यांच्या विद्वत्तेने हा अनुभव टळला नाही. परंतु अस्पृश्यतेचे असे अनुभव या देशात कोट्यवधींना शतकानुशतके आले होते, आणि त्यांतून राज्यघटनेचा शिल्पकार निर्माण झाला तो या विद्वत्तेमुळे. अनुभव पुरेसा असता तर चळवळ फार पूर्वीच उभी राहिली असती. आंबेडकरांनी हे ओळखले होते, असे त्यांच्या कार्यावरून दिसते. त्यांनी १९२८ साली डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, तेव्हा पनवेल, ठाणे, नाशिक, पुणे यांच्याबरोबर धारवाडही वसतिगृहासाठी निवडले गेले. जी मुले त्या वसतिगृहात आली त्यांना अन्याय म्हणजे काय हे कोणी शिकवावयास नको होते. जे सोसले त्याला नाव देण्याचे, त्यावर युक्तिवाद उभारण्याचे साधन तेवढे त्यांना हवे होते.

यावरून आमचे मत असे बनले आहे. शिक्षण माणसाला शब्द देते आणि अनुभव त्या शब्दांची परीक्षा घेतो. मत म्हणून ज्याला नाव द्यावे ते जन्मते या परीक्षेत. जोवर शिकलेला शब्द कोठे अडखळत नाही तोवर ती केवळ पोपटपंची. आणि सोसलेल्या दिवसाला जोवर शब्द सापडत नाही तोवर ती केवळ वेदना. म्हणूनच राजकीय आत्मचरित्राच्या मूल्यमापनास आम्ही एक कसोटी सुचवितो: लेखकाचा शिकलेला शब्द अनुभवापुढे कोठे अडला, हे तो दाखवितो काय? जो दाखवितो त्याचे आत्मचरित्र वाङ्मय होते. जो लपवितो त्याचे आत्मचरित्र कितीही पानांचे झाले तरी ते निवेदनपत्रच राहते. गंगूबाईंचा तो एक प्रसंग या कसोटीस पूर्ण उतरतो, आणि बऱ्याच पुढाऱ्यांचे जाडजूड खंड उतरत नाहीत.

धारवाडचेच आणखी एक नाव घेतल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांचा जन्म धारवाडास १८९६ साली झाला. घरची भाषा मराठी, महाविद्यालय फर्ग्युसन, १९१८ चे पदवीधर. आमच्याकडील रूढ हिशेबाप्रमाणे हा मनुष्य मराठीचा. परंतु तो कन्नडचा महाकवी झाला. ‘नरबली’ या कन्नड कवितेवरून परकीय सरकारने त्याला १९३२ मध्ये तुरुंगात टाकले आणि नंतर धारवाडजवळच्या मुगद गावी स्थानबद्ध केले. पुढे १९४४ ते १९५६ या काळात ते सोलापुरास कन्नडचे प्राध्यापक होते. मराठीतही त्यांनी लिहिले. १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना कन्नड काव्यासाठी मिळाला. मराठी माणूस हे ऐकून हळहळतो, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. या हळहळीत एक गृहीत दडलेले असते: घर आणि विद्यालय जिकडे, मनुष्यही तिकडेच असावा. बेंद्रे ज्या गल्ल्यांत वाढले, ज्या लोकगीतांनी त्यांचे कान भरले, साधनकेरीच्या परिसरात ज्या बोलीत शेजारीपाजारी भांडत व हसत, त्या सर्वांची गणना आपण करावयाची विसरतो.

आणि येथेच आम्हांस आमच्या वाचकांशी, विशेषतः शिक्षकबंधुभगिनींशी, थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा प्रदेश तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून सीमाभागाविषयी उभय भाषिकांत बोलणे निघाले की एक चमत्कारिक भेद कानी पडतो. आपल्या मताविषयी बोलताना आपण म्हणतो, “आम्ही सोसले आहे.” दुसऱ्याच्या मताविषयी म्हणतो, “त्यांना तसे शिकविले आहे.” आपल्या बाजूला अनुभव, दुसऱ्याच्या बाजूला पढविणे. समोरचा कन्नड भाषिकही आपल्याविषयी नेमके हेच म्हणत असतो. आलूर वेंकटरावांस पुण्याने शिकविले, हे आपण विसरतो. आणि ज्या शाळांतून कन्नड मूल एके काळी परक्या भाषेत अक्षरे गिरवीत होते त्या शाळा मराठी होत्या, हेही विसरतो. ते मूल सोसत होते. त्याच्या नातवाने ते ऐकले आहे. १९५३ साली हुबळीजवळच्या अदरगुंचीस शंकरगौडा पाटील एकीकरणासाठी उपोषणास बसले आणि एप्रिलमध्ये हुबळीत लोकांचा क्षोभ उसळला, तो काही एखाद्या ग्रंथाच्या पठणाने नव्हे. आणि आज सीमाभागातील ज्या मराठी मुलाला आपल्या भाषेतील शाळेसाठी झगडावे लागते त्याचेही दुःख कोणी पढविलेले नाही. ही दोन्ही सोसणी खरी आहेत. जो यांपैकी एकीलाच अनुभव म्हणतो आणि दुसरीला प्रचार, त्याने स्वतःच्या शिकवणुकीची परीक्षा अद्याप दिलेली नाही.

शिक्षकाने वर्गात मत शिकवू नये, असे म्हणण्याची चाल आहे. आम्ही म्हणू, त्याने शब्द शिकवावेत, भरपूर शिकवावेत. परंतु ते कोठे अपुरे पडतात हेही दाखवावे. बेळगावच्या अधिवेशनाचा धडा शिकविताना गांधीजींचे अध्यक्षपद सांगावे, नगराचे ‘विजयनगर’ हे नाव सांगावे, आणि त्या मुलीची पत्रावळींविषयीची भीतीही सांगावी. तिन्ही गोष्टी एकाच तासात सांगता येतात. त्यानंतर विद्यार्थी कोणत्या पक्षाचा होईल याची चिंता शिक्षकाने करण्याचे कारण नाही.