घरकुलाला पडवी हवी

पालघर जिल्ह्यातल्या मनोरच्या आसपासच्या पाड्यांवर घरबांधणीचे तीन काळ शेजारी शेजारी नांदतात: कुडाचे घर, कौलारू घर आणि स्लॅबचे घरकुल. जवळच्या अशेरीगडावर कातळात खोदलेली गुहाही आहे. निवाऱ्याचा इतका लांबचा प्रवास इथे दोन-चार कोसांत पाहता येतो. प्रश्न असा, की या प्रवासात बांधण्याची कला पुढे गेली का?

वारल्यांचे कुडाचे घर गरिबाचे असले तरी अडाण्याचे नव्हते. छपराचा भार लाकडी मेढींवर असतो. कारवीच्या काठ्या बांबूच्या कांबट्यांनी आवळून, वर शेणमाती लिंपून केलेला कूड फक्त आडोसा देतो. म्हणून कुजलेला भाग काढून तेवढाच नवा घालता येतो. दोन हजार मिलिमीटरहून अधिक पावसात मातीची भिंत टिकते ती खाली उतरलेल्या छपरामुळे. चुलीचा धूर फटींतून निघून जातो आणि माळ्यावरचे धान्य कोरडे राहते. सारे साहित्य रानातले आणि मजुरी शेजाऱ्यांच्या हातांची.

याच भिंतीवर, गेरूच्या सारवणावर, तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहिला जाई. १९७० च्या दशकात ही चित्रे कागदावर आली. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्राला दालने लाभली, पण ज्या भिंतीने ते जन्माला घातले, तिच्याकडे कला म्हणून फारसे कुणी पाहिले नाही. आपल्या कलासमीक्षेची ही मोठी चूक आहे.

दरम्यान घराचा कर्ता बदलला. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले. मग बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली आणि तिच्याभोवती भाड्याच्या खोल्यांच्या चाळी उभ्या राहिल्या. अणुवीज प्रकल्पाच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांना गाव सोडून आखलेल्या वसाहतीत जावे लागले. रानातले लाकूड दुर्मीळ झाले, सिमेंट नाक्यावर मिळू लागले. २०१६ पासूनच्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत किमान २५ चौरस मीटरचे घर आणि सपाट भागासाठी मूळ मदत १ लाख २० हजार रुपये ठरली. पैसे हप्त्याहप्त्याने येतात. घराचा आकार त्या हप्त्यांत बसवायचा, म्हणजे पहिली काट पडवीवर.

कुडाच्या घराचे गोडवे गाणाऱ्यांनी दर वर्षीची शाकारणी, वाळवी, विंचू-साप आणि आगीची धास्ती विसरू नये. पक्के घर ही लोकांची रास्त मागणी आहे. पण पक्के म्हणजे नुसते कडक नव्हे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीला भूकंपाचे धक्के बसू लागले तेव्हा पक्क्या भिंतींनाही तडे गेले आणि माणसे घराबाहेर झोपली. मेढींवर तोललेले हलके घर धक्क्यात का तगते, हे तेव्हा तरी शिकायला हवे होते.

ग्रामविकास मंत्रालयाने प्रादेशिक घरनमुन्यांचा ‘पहल’ हा संग्रह काढला आहे. कल्पनांचा तोटा नाही. अनेक ठिकाणी लोकच घरकुलाला खेटून चुलीसाठी कुडाचा आडोसा काढतात. तो मागासलेपणा नव्हे, आराखड्यावरचा अभिप्राय आहे. शासनाने तो वाचावा: पडवीचा खर्च मंजूर करावा, कौलारू उतरते छप्पर आणि दुरुस्त करता येणारी भिंत यांना मान्यता द्यावी, आणि नकाशा ठरवताना घरधनिणीला आधी विचारावे.