आवर्तन आणि आक्रोश : नव्वदच्या दशकातील रॉकगीताचा रूपबंध

रॉकगीताचा विचार बहुधा दोन टोकांवरून होत आला आहे. एक पक्ष त्याला अर्थशून्य गोंगाट ठरवतो. दुसरा त्याचे शब्द छापील कवितेप्रमाणे सुटे करून त्यांत काव्यगुण शोधतो. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या भूमिकांमागे गृहीत मात्र एकच आहे : गीताचा अर्थ त्याच्या शब्दांत असतो. नव्वदच्या दशकातील जी पाश्चात्त्य रॉकगीते आजही स्मरणात टिकून आहेत, त्यांतील काही प्रमुख गीते या गृहीतालाच छेद देतात. त्यांचे शब्द कधी तुटक, कधी अस्पष्ट, कधी अगदीच साधे आहेत. तरीही ती अर्थशून्य नाहीत. त्यांचा अर्थ कोठे वसतो, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

‘निर्व्हाना’ या अमेरिकन बँडचे ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ (१९९१) हे या दृष्टीने पहिले उदाहरण. कर्ट कोबेनचे उच्चार इतके अस्पष्ट होते, की ‘वीअर्ड अल’ यांकोविक याने १९९२ मध्ये नेमक्या त्याच गोष्टीवर विडंबनगीत रचले. या गीताचा मोठा भाग चार कॉर्डांच्या एकाच आवर्तनावर उभा आहे. कडव्यात गिटार जवळजवळ दोन स्वरांपुरती आक्रसते, ध्रुवपदात तेच आवर्तन खरखरीत नादाने भरून जाते. म्हणजे बदलते ती तीव्रता. खालची चौकट बदलत नाही. मंद कडवे आणि कर्कश ध्रुवपद ही युक्ती आपण ‘पिक्सीज’ या बँडकडून उचलली, हे कोबेनने १९९४ च्या आरंभी एका मुलाखतीत उघडपणे मान्य केले होते.

‘रेडिओहेड’ या इंग्लिश बँडच्या ‘क्रीप’ (१९९२) या गीतातही असेच एक आवर्तन अथपासून इतिपर्यंत चालते. त्याच्या अखेरच्या टप्प्यावर तीच कॉर्ड मेजरची मायनर होते. तिच्यातील शुद्ध गांधार कोमल होतो. त्यामुळे प्रत्येक आवर्तन उभारी घेता घेता खचते. ध्रुवपदापूर्वी जॉनी ग्रीनवुडच्या गिटारचे दोन-तीन आघात येतात आणि गीत उसळते, परंतु शेवटी ते पुन्हा मंद स्वरात परतते. स्वतःला कमी लेखणाऱ्या माणसाचे हे निवेदन आहे, हे शब्द सांगतातच. पण त्याची सुटका नाही, हे सांगते ते आवर्तन.

बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तत्त्वे मांडली. त्यांची परिभाषा येथे उपयोगी पडते. या गीतांत तीव्रतेच्या पातळीवर विरोधलय आहे, तर कॉर्डांच्या पातळीवर, एकच आवर्तन पुन्हा पुन्हा येत असल्याने, संवादलय आहे. समतोल मात्र साधला जात नाही. किंबहुना तो नाकारला जातो. आक्रोश होतो आणि त्याने काहीही बदलत नाही, हाच या रूपबंधाचा आशय होय. चार कॉर्डांचे आवर्तन हे लोकप्रिय संगीतातील जुनेच साधन आहे. नवे आहे ते त्या आवर्तनाला आलेले बंदिवासाचे रूप.

हा रूपबंध व्यक्तिगत वैफल्याच्या पलीकडे जाऊ शकतो काय? ‘क्रॅनबेरीज’ या आयरिश बँडचे ‘झॉम्बी’ (१९९४) त्याचे उत्तर देते. इंग्लंडमधील वॉरिंग्टन येथे २० मार्च १९९३ रोजी आयरिश रिपब्लिकन आर्मीने घडवलेल्या बाँबस्फोटांत दोन मुलांचा बळी गेला. त्यानंतर डोलोरेस ओ’रिऑर्डनने हे गीत रचले. गीतात १९१६ सालाचा, म्हणजे डब्लिनच्या ईस्टर उठावाच्या वर्षाचा, निर्देश येतो. येथेही चार कॉर्डांचे तेच ते आवर्तन आहे. परंतु आता ते पिढ्यान्‌पिढ्या पुनरावृत्त होणाऱ्या हिंसेचे आवर्तन ठरते. शब्द सुटे वाचले तर ते भाबडे वाटतील. पण एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मुद्दाम तुटणारा गायिकेचा आवाज त्या शब्दांना शोकाचे वजन देतो. कॉर्ड पुढे सरकत नाहीत, कारण इतिहास पुढे सरकत नाही. रूप आणि आशय यांची एवढी एकात्मता या प्रकारात विरळाच.

याच रूपबंधाची मर्यादाही येथेच दिसते. ‘टीन स्पिरिट’ हे मुळात एका दुर्गंधनाशकाचे व्यापारी नाव होते. गायिका कॅथलीन हॅनाने कोबेनविषयी भिंतीवर लिहिलेल्या थट्टेच्या ओळीतून ते शीर्षकात आले. लिहिताना त्याचा उगम कोबेनला ठाऊक नव्हता. जानेवारी १९९२ मध्ये याच गीताचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम बिलबोर्डच्या यादीत मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला मागे सारून अग्रस्थानी पोहोचला. बंडखोरीचे नाव आणि विक्रीचे नाव असे एकच झाल्यावर मंद कडवे आणि कर्कश ध्रुवपद यांचा साचा व्हायला वेळ लागला नाही. साच्यात आक्रोश उरतो. तो कशामुळे उठला, ते उरत नाही.

२०२३ च्या रग्बी विश्वचषकात आयर्लंडच्या समर्थकांनी ‘झॉम्बी’ विजयगीतासारखे गायिले आणि त्यावर वाद झाला. समूहाने ध्रुवपद लक्षात ठेवले होते. ज्या कडव्यांतील दबलेल्या शोकातून ते उसळते, ती मागे पडली होती. संस्मरणीयता हे मूल्य असेल, तर समीक्षेने हा भेद नोंदवला पाहिजे. आक्रोश सहज स्मरणात राहतो. त्याला अर्थ देते ते मात्र त्याच्या आधीचे दबलेले कडवे आणि दोहोंखालून न बदलता फिरणारे आवर्तन. हे तिन्ही एकत्र ऐकल्याखेरीज या गीतांविषयी दिलेला कोणताही निर्णय, मग तो गौरवाचा असो वा धिक्काराचा, अर्ध्या संहितेवरचाच राहील.