दुर्मिळ टपाल-तिकिटे आणि ‘स्थिती’चा निकष

१

एकोणिसाव्या शतकातील दुर्मिळ टपाल-तिकिटांविषयीचे लेखन आणि लिलावांच्या याद्या चाळू लागले म्हणजे दोन कल्पना सतत जोडीने वावरताना दिसतात : एक दुर्मिळता आणि दुसरी स्थिती. दुर्मिळतेची चर्चा बहुधा आकड्यांच्या आधारे होते. किती तिकिटे छापली गेली, किती उरली, हे प्रश्न निदान तत्त्वतः मोजदादीने सुटणारे आहेत. स्थितीची चर्चा मात्र विशेषणांच्या आधारे चालते. सुपर्ब, व्हेरी फाइन, फाइन, गुड, ॲव्हरेज अशी विशेषणांची एक उतरंड रूढ झालेली असून मुंबई-पुण्याकडील मराठी संग्राहकही ती जशीच्या तशी उचलतात. या विशेषणांवर तिकिटाची किंमत ठरते, आणि पुष्कळदा तिकिटाचे भवितव्यही ठरते.

प्रस्तुत लेखात या उतरंडीची चिकित्सा करावयाची आहे. तीसाठी आपल्याच देशातील पहिली तिकिटे, म्हणजे १८५२ ची ‘सिंध डाक’ आणि १८५४ ची शिळाछापाची तिकिटे, घेतली आहेत. कारण या तिकिटांवर ती उतरंड लादली असता तिचे दोष जितके स्पष्ट होतात तितके अन्यत्र क्वचितच होत असतील.

२

प्रथम या विशेषणांच्या अर्थाकडे पाहू. ‘उंच’ हे विशेषण गवताला लावले तर गुडघाभर उंची पुरते. माडाला लावले तर ती पुरत नाही. अशा विशेषणांचा अर्थ विशेष्यावाचून पुरा होत नाही. ‘फाइन’ हे याच जातीचे विशेषण होय. एखादे तिकीट ‘फाइन’ आहे असे म्हणताना ‘या छपाईच्या मानाने’ हा तुलनेचा आधार गृहीत असावयास पाहिजे. परंतु यादीत तो लिहिला जात नाही, आणि न लिहिलेला आधार हळूहळू विसरला जातो. मग विशेषण निरपेक्ष वाटू लागते. अमेरिकेत तर काही परीक्षक-संस्था तिकिटाला शंभरांपैकी गुण देतात. अंकामुळे निर्णय अधिक काटेकोर झाल्याचा भास होतो. तुलनेचा आधार मात्र तितकाच अव्यक्त राहतो.

दुसरी गोष्ट अर्थाच्या घसरणीची. या उतरंडीत ‘गुड’ म्हणजे चांगले नव्हे; ते वरच्या पायऱ्यांवर न चढू शकलेले, बहुधा दोषयुक्त तिकीट असते. मराठीत ‘बरा’ या शब्दाची जी गत झाली आहे तीच येथे ‘गुड’ची झालेली दिसते. विक्रेत्याच्या सौजन्यामुळे प्रत्येक विशेषण एकेक पायरी खाली घसरते आणि वर नवीन अतिशयोक्ती बसविली जाते.

तिसरी गोष्ट रूपकाची. न वापरलेल्या तिकिटाला ‘मिंट’ म्हणतात. हा शब्द नाण्यांच्या संग्राहकांकडून आलेला आहे. टांकसाळीतून नुकत्याच निघालेल्या नाण्याचे तेज वापराने कमी होते, म्हणून तेथे हे रूपक शोभते. पण नाणे शेकडो हातांतून फिरण्यासाठी असते, तर टपाल-तिकीट एकदाच वापरून रद्द होण्यासाठी असते. रद्द करण्याचा शिक्का ही तिकिटाची झीज नसून त्याच्या कार्याची पूर्ती आहे. ‘मिंट’ या शब्दाने वापर म्हणजे ऱ्हास ही समजूत नकळत आपल्या शास्त्रात आणून बसविली.

३

आता सिंध डाकेचे उदाहरण घेऊ. १८४३ साली सिंध प्रांत कंपनी सरकारने जिंकला व तो मुंबई इलाख्याला जोडला गेला. तेथील कमिशनर बार्टल फ्रियर, जे पुढे १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांच्या कारकिर्दीत १ जुलै १८५२ रोजी अर्ध्या आण्याची तिकिटे सुरू झाली. आकार वाटोळा, मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे हृदयाकृती व्यापारचिन्ह, आणि भोवती पट्ट्यावर ‘सिंध डिस्ट्रिक्ट डाक’ ही इंग्रजी अक्षरे. ‘डाक’ हा देशी शब्द इंग्रजी लिपीत, तेव्हाच्या लेखनपद्धतीने, सरकारी तिकिटावर उमटलेला पाहणे हे भाषेच्या अभ्यासकाला तिकिटाच्या किमतीहून अधिक मोलाचे वाटेल.

ही तिकिटे उठावाच्या ठशाने केलेली असून तीन प्रकारची आहेत. एक तांबड्या लाखेसारख्या ठिसूळ चकतीवरचे. दुसरे पांढऱ्या कागदावर रंगाशिवाय उठविलेले. तिसरे निळ्या रंगातले. पांढरे तिकीट मंद उजेडात नीट दिसत नसे, म्हणून निळे काढले असे सांगितले जाते. तांबड्याची अडचण वेगळीच होती. पत्र वाकले की चकतीला तडा जाई. आज जी थोडी तांबडी तिकिटे उरली आहेत त्यांतील बहुतेकांना तडे गेलेले आहेत.

या तड्याला काय म्हणावयाचे? रूढ उतरंडीप्रमाणे तो दोष होय. पण तो दोष तिकिटाच्या त्या विशिष्ट नमुन्याचा नाही. तो त्या पदार्थाचा गुणधर्म आहे. चकती फुटते हाच या तिकिटाचा इतिहास असून ते टिकाऊ का ठरले नाही याचे उत्तरही त्यातच आहे. येथे परीक्षकाचे काम तडा आहे किंवा नाही एवढे पाहण्याचे नसून, तो वापरात गेला की पुढे संग्राहकाच्या हातून, तुकडे मूळचे आहेत की दोन नमुन्यांचे जोडलेले, हे सांगण्याचे आहे. ‘फाइन’ या एका शब्दात यांपैकी काहीच येत नाही.

४

१ ऑक्टोबर १८५४ पासून सर्व हिंदुस्थानासाठी एकच तिकिटे सुरू झाली आणि सिंध डाक बंद पडली. अर्धा आणा, एक आणा व चार आणे ही तिकिटे कलकत्त्याच्या सर्व्हे ऑफिसात कॅप्टन थुलिअर यांच्या देखरेखीखाली शिळाछापावर छापली गेली. दोन आण्यांचे हिरवे तिकीट मात्र उठावाच्या मुद्रणाने निघाले. या तिकिटांना दाते नव्हते. टपालखात्यातील कारकुनाने किंवा पत्र लिहिणाऱ्याने ती कात्रीने कापून घ्यावयाची असत. सुरुवातीच्या छपायांना डिंकही नव्हता. म्हणजे स्थितीच्या परीक्षेत ज्या दोन गोष्टींना आज सर्वांत अधिक वजन दिले जाते, दात्यांची समतोल मांडणी आणि मागचा अस्पर्श डिंक, त्या दोन्ही येथे मुळातच गैरहजर आहेत. १८५५ साली लंडनच्या ‘द ला रू’ कंपनीने छापलेली दातेदार तिकिटे हिंदुस्थानात येऊ लागली. त्यांच्यासारख्या तिकिटांवरून बनलेली मोजपट्टी त्यांच्या पूर्वजांना लावणे हा कालविपर्यास होय.

दाते नाहीत म्हणून परीक्षकांचे सर्व लक्ष कोऱ्या कडांकडे वळले. चारही बाजूंना रुंद कड असेल ते तिकीट उत्तम, चित्राला कात्री लागली असेल ते हलके. हा नियम सोयीचा आहे; पण चार आण्यांच्या तिकिटापुढे तो लंगडा पडतो. या तिकिटाची चौकट तांबडी व राणीचे मस्तक निळे, अशी ते दोन वेळा छापावे लागे. आरंभीच्या छपायांत एका तावावर अवघी १२ तिकिटे, एकमेकांपासून चांगली दूर, मांडलेली होती. पुढे तावावर २४ तिकिटे बसविली गेली आणि त्यांच्यामधील अंतर आखडले. तेव्हा पहिल्या छपाईच्या तिकिटाला रुंद कडा असणे यात विशेष नाही, आणि शेवटच्या छपाईच्या तिकिटाला अरुंद कडा असणे यात उणेपणा नाही. उलट शेवटच्या छपाईच्या एखाद्या तिकिटाला चहूकडून ऐसपैस कडा दिसल्या, तर त्या शेजारच्या तिकिटांना कापून मिळविलेल्या आहेत की मागाहून जोडलेल्या आहेत, हा संशय प्रथम यावयास हवा. एकच लक्षण एका छपाईत सामान्य आणि दुसऱ्या छपाईत संशयास्पद ठरते. मार्टिन व स्मायथिज यांनी १९३० साली या तिकिटांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून छपाया वेगळ्या करून दाखविल्या. तरीही विशेषणांची उतरंड सर्व छपायांना एकच राहिली.

याच तिकिटाच्या पहिल्या छपाईत काही नमुन्यांवर राणीचे मस्तक उलटे पडले. हिंदुस्थानच्या तिकिटांतील ही सर्वांत प्रसिद्ध चूक असून तिचे अगदी थोडे नमुने ज्ञात आहेत. त्यांतील काही चौकोनी कापलेले, तर काही चौकटीच्या कडेकडेने अष्टकोनी कापलेले आहेत. किंमतपुस्तके अष्टकोनी कापलेल्या नमुन्यांना पुष्कळ कमी लेखतात. बाजाराच्या दृष्टीने ते ठीक असेल. पण चौकटच अष्टकोनी असल्यामुळे कात्री तिच्या रेषेवरून फिरविणे हे तिकीट हाती घेणाऱ्याला स्वाभाविकच वाटले असणार. नवीन वस्तू लोकांनी कशी समजून घेतली याचा पुरावा त्या कापलेल्या कोपऱ्यांत आहे. त्या पुराव्याला नुसते ‘वैगुण्य’ म्हणून नोंदविणे अपुरे आहे.

५

दुर्मिळता आणि स्थिती यांचे परस्परांशी प्रमाण कसे आहे हे दोन टोकांच्या उदाहरणांनी कळते. १८४० चे इंग्लंडचे काळे पेनी तिकीट जगातील पहिले; पण ते ६ कोटी ८० लाखांहून अधिक छापले गेले आणि आजही विपुल मिळते. तेथे नमुन्यानमुन्यांत निवड करता येते, म्हणून कडा, रंग, शिक्का यांवर किंमत अनेक पटींनी चढते-उतरते. दुसऱ्या टोकाला १८५६ चे ब्रिटिश गियानाचे किरमिजी कागदावरचे एक सेंटचे तिकीट. ते एकच ज्ञात आहे. त्याचे कोपरे कापलेले, पृष्ठभाग घासलेला, वर जाड शिक्का आणि टपाल-कारकुनाची आद्याक्षरे. उतरंडीत त्याला तळाची जागा मिळेल. २०१४ च्या लिलावात मात्र ते सुमारे ९५ लाख डॉलरांना गेले आणि २०२१ साली पुन्हा ८० लाखांहून अधिक डॉलरांना. जेथे तुलनेला दुसरा नमुनाच नाही तेथे तुलनात्मक विशेषण अर्थशून्य होते, हे बाजारानेच मान्य केले आहे. सिंध डाक व चार आण्यांची चूक या दोन टोकांच्या मध्ये, पण दुसऱ्या टोकाच्या पुष्कळ जवळ उभ्या आहेत. त्यांना पहिल्या टोकाचे नियम लावले जातात, ही खरी तक्रार आहे.

६

हा वाद केवळ शब्दांचा असता तर एवढा विस्तार करण्याचे कारण नव्हते. परंतु विशेषणाची एक पायरी वर चढण्यासाठी तिकिटावर जे उपचार केले जातात त्यांनी पुरावा कायमचा नष्ट होतो. पाकिटावरचे तिकीट सोडवून घेतले की पत्र कोठून कोठे व केव्हा गेले हा संबंध तुटतो. शाईचा शिक्का पुसून तिकीट ‘न वापरलेले’ केले जाते. विरलेली जागा मागून भरली जाते, नवा डिंक चढविला जातो, दुसऱ्या कागदाच्या कडा जोडल्या जातात. अशा दुरुस्तीची मागणी अव्यंग तिकिटाच्या हव्यासातूनच निर्माण होते.

जाँ द स्पेराती या प्रसिद्ध बनावटकाराचे उदाहरण येथे बोलके आहे. तो त्याच काळातले एखादे स्वस्त खरे तिकीट घेई, रसायनांनी त्यावरील छाप उडवी, कागद व पुष्कळदा शिक्का तेवढा खरा ठेवी आणि त्यावर दुर्मिळ तिकिटाचे चित्र छापी. १९५४ साली ब्रिटिश फिलाटेलिक असोसिएशनने त्याचा साठा विकत घेतला तो पुढील फसवणूक थांबविण्यासाठीच. त्याची तिकिटे स्थितीच्या उतरंडीत सहज वर बसत. कागद खरा, कडा भरपूर, शिक्का हलका. खोटे होते ते फक्त तिकीट. स्थितीची परीक्षा सत्यतेच्या परीक्षेपासून तोडली म्हणजे काय होते, ते यावरून दिसते.

७

तर मग उतरंड टाकून द्यावी काय? तसे म्हणणे अव्यवहार्य होईल. तिकीट न पाहता दुरून खरेदी करणाऱ्याला काही संक्षिप्त संकेत हवाच असतो, आणि विपुल मिळणाऱ्या तिकिटांच्या बाबतीत तो पुरेसा असतो. आक्षेप आहे तो संक्षेपाने वर्णनाची जागा बळकावण्याला.

आपल्या शाखेत याला समांतर असा अनुभव आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार होत असताना संपादकांनी हस्तलिखितांची निवड अक्षराच्या सौंदर्यावरून किंवा कागदाच्या धडधाकटपणावरून केली नाही. कसर लागलेल्या, पाने गळालेल्या प्रतीतला एखादा पाठ स्वच्छ, नेटक्या प्रतीतल्या पाठाहून जुना ठरू शकतो. उलट अतिशय नेटकी प्रत पाहिली की, लेखकाने अडचणीचे स्थळ आपल्या बुद्धीने सुधारून घेतले नाही ना, अशी शंका जाणकार घेतो. तिकिटाचा संग्राहकही पुराव्याचा राखणदार आहे. त्यानेही हीच शिस्त पाळणे इष्ट होय.

त्या शिस्तीचा क्रम असा सुचवावासा वाटतो. प्रथम छपाई व ठसा ओळखावा, कारण त्यावाचून कडा, रंग किंवा डिंक यांविषयी काहीच बोलता येत नाही. नंतर निर्मितीपासून आलेली लक्षणे लिहावीत. दगडावरचा डाग, फिकी छाप, ठिसूळ चकती ही त्यांत येतील. मग वापरापासून आलेली : कात्रीची वाट, शिक्का, घडी, पाकिटाशी असलेला संबंध. शेवटी संग्रहात आल्यानंतरची : धुणे, दुरुस्ती, जोड, नवा डिंक. दोष हा शब्द खऱ्या अर्थाने या चौथ्या वर्गालाच लावता येईल. इतर तिहींना ‘खूण’ म्हणणे अधिक योग्य. एवढे लिहून झाल्यावर कोणास ‘फाइन’ म्हणावयाचे असेल तर त्याने खुशाल म्हणावे. मात्र कशाच्या मानाने, हेही त्याच ओळीत लिहावे.

मराठीत या विषयाची परिभाषा अजून घडावयाची आहे, आणि तीच आपली सोय आहे. परक्या उतरंडीला देशी प्रतिशब्द शोधीत बसण्यापेक्षा कड, तडा, घडी, विरलेपणा, जोड, शिक्का हे आपले साधे, वर्णन करणारे शब्द नेमक्या अर्थाने रूढ केले, तर तिकिटाविषयी खरे तेवढेच बोलण्याची सवय आपोआप लागेल. तड्याला तडा म्हणून नोंदविणाऱ्या संग्राहकाला तो भरून काढण्याचा मोह कमी होईल, आणि सिंधच्या त्या फुटक्या तांबड्या चकत्या पुढील अभ्यासकाच्या हाती आहेत तशा पोहोचतील.