शिक्षक, यंत्र आणि मराठीचा वर्ग : लॅरी क्यूबन यांच्या मांडणीची चिकित्सा

प्रस्तावना

वर्गातील तंत्रज्ञानाविषयी महाविद्यालयीन वर्तुळात जी चर्चा होते, तिच्या मुळाशी बहुधा एक गृहीतक असते. साधने आली आहेत, विद्यार्थी उत्सुक आहेत, अडून बसला आहे तो अध्यापक. चर्चासत्रांतील बीजभाषणांपासून उजळणी वर्गांतील व्याख्यानांपर्यंत हे गृहीतक इतक्या सहजतेने वावरते की त्याची तपासणी करण्याची गरज कोणास वाटत नाही. त्याची सर्वांत समर्थ तपासणी अमेरिकन शिक्षण-इतिहासकार लॅरी क्यूबन यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टीचर्स अँड मशीन्स : द क्लासरूम यूज ऑफ टेक्नॉलॉजी सिन्स १९२०’ या छोटेखानी ग्रंथात केली. क्यूबन हे आधी शाळेत शिकविणारे शिक्षक, पुढे व्हर्जिनियातील आर्लिंग्टन येथे शाळांचे अधीक्षक आणि त्यानंतर स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक. फळ्यासमोर उभे राहिल्याचा आणि शिक्षकांना आदेश दिल्याचा, असे दोन्ही अनुभव गाठीशी असलेला अभ्यासक या विषयाला क्वचितच लाभतो. त्यांची मांडणी मराठी विषयाच्या महाविद्यालयीन वर्गाला लावून पाहिली असता ती कोठे टिकते आणि कोठे अपुरी पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

यंत्राचा उत्साह आणि शिक्षकावरील ठपका

क्यूबन यांच्या ग्रंथातील एक छायाचित्र त्यांच्या साऱ्या युक्तिवादाचे सार सांगते. १९२७ मध्ये लॉस एंजेलिसच्या आकाशात विमानात भरविलेला तो भूगोलाचा वर्ग आहे. मुले बाकांवर रांगेत बसली आहेत आणि शिक्षिका पृथ्वीचा गोल दाखवीत आहे. खाली खरी भूमी पसरलेली असताना शिकविणे गोलावरूनच चालले आहे! नवे यंत्र आले, जुनी पद्धत त्याच्या पोटात जशीच्या तशी जाऊन बसली.

चित्रपट, रेडिओ, दूरचित्रवाणी आणि संगणक या चारही साधनांच्या बाबतीत क्यूबन यांना एकच क्रम आढळतो. प्रथम अफाट आश्वासने, मग साधन परिणामकारक असल्याचे सांगणारी संशोधने, नंतर वर्गातील तुरळक वापराबद्दल निराशा आणि शेवटी शिक्षकावर ठपका. थॉमस एडिसन यांनी १९१३ मध्ये शाळांतून पुस्तके लवकरच कालबाह्य ठरतील असे भाकीत केले होते. पुस्तके राहिली, शाळांत प्रक्षेपक मात्र बरेचदा कपाटात राहिला. अमेरिकन सामोआमधील प्रयोग तर अधिक बोलका आहे. १९६४ पासून तेथे दूरचित्रवाणीवरील पाठ हाच शिक्षणाचा कणा करण्यात आला. स्टुडिओतील शिक्षक शिकवी, वर्गातील शिक्षक पुढची उजळणी घेई. १९७०च्या दशकात, विशेषतः वरच्या इयत्तांत, हे पाठ क्रमाने कमी होत गेले. ज्या शिक्षकाला स्वतःच्या वर्गात दुय्यम केले, त्याने संधी मिळताच वर्ग परत घेतला, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

क्यूबन यांचे मोठेपण असे की शिक्षकाच्या या वर्तनाला ते आळस किंवा भीती म्हणून निकालात काढीत नाहीत. शिक्षकाची निवड ही परिस्थितीने बांधलेली असते, असे ते म्हणतात. तीस-चाळीस विद्यार्थी, ठरलेला अभ्यासक्रम, घड्याळाची तासिका, परीक्षा आणि शिस्त यांच्या चौकटीत जे साधन शिक्षकाला स्वतःला जाणवणाऱ्या अडचणी सोडविते ते टिकते. फळा आणि पाठ्यपुस्तक टिकले ते याच कारणाने. ती साधी आहेत, टिकाऊ आहेत आणि शिक्षकाच्या लहरीनुसार वाकतात.

भारतातील इतिहास या मांडणीला दुजोरा देतो. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांत दूरचित्रवाणी पोहोचविण्याचा ‘साइट’ प्रयोग झाला. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाला. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ अवकाशात गेला. यांतील प्रत्येक उपक्रमामागे सद्हेतू होता आणि कौशल्यही होते. परंतु ठरलेल्या वेळी होणारे, बहुतांशी इंग्रजीतील प्रसारण तालुक्याच्या महाविद्यालयातील वेळापत्रकाशी आणि मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याशी जुळणार कसे, हा प्रश्न योजनेत गौण राहिला.

विषय आणि भाषा यांचा विसर

येथवर क्यूबन यांच्याशी मतभेदाचे कारण नाही. अडचण पुढे येते. त्यांच्या ग्रंथात शिक्षक आहे, यंत्र आहे, वर्गखोली आहे. विषय मात्र जवळजवळ नाही. गणिताचा शिक्षक आणि कवितेचा शिक्षक यांच्यासमोर यंत्र एकाच रूपात येते असे जणू गृहीत धरले आहे. योगायोग असा की त्याच १९८६ साली, स्टॅनफर्ड येथेच कार्यरत असलेल्या ली शुलमन यांनी विषयाचे ज्ञान आणि तो विषय शिकविण्याचे ज्ञान यांची सांगड मांडणारा लेख प्रसिद्ध केला. पुढे २००६ मध्ये पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी त्यात तंत्रज्ञानाच्या ज्ञानाची भर घातली. आपल्याकडील संगणक-प्रशिक्षणाने हा धागा उचलला नाही. २००१ पासून एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाद्वारे महाराष्ट्रातील असंख्य शिक्षक संगणक चालवावयास शिकले, ही लहान गोष्ट नव्हे. पण संगणक चालविणे आणि संगणकाच्या साहाय्याने मराठी शिकविणे यांत अंतर आहे.

भाषेचा प्रश्न तर क्यूबन यांना पडण्याचे कारणच नव्हते. इंग्रजीच्या शिक्षकाला स्वतःची लिपी यंत्रात शिरेल की नाही याची चिंता करावी लागली नाही. मराठीच्या अध्यापकाची पहिली झुंज तेथेच होती. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या फाँटमध्ये देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर बसविलेले असत. एका संगणकावर मराठीत दिसणारी प्रश्नपत्रिका तोच फाँट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन ढीग होई. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती आणि विंडोज २००० बरोबर मंगल हा फाँटही आला. तरी मुद्रणालये आणि परीक्षा विभाग दीर्घकाळ जुन्याच फाँटवर विसंबून राहिले. अध्यापक हाताने लिहून प्रश्नपत्रिका देत असे, त्याला तंत्रज्ञानविरोध म्हणणाऱ्यांनी ही बाजू पाहिली नाही.

यंत्राने लिपी स्वीकारल्यावरही मराठीपण सहज शिरले नाही. ‘आचार्यांनी’ आणि ‘आचाऱ्यांनी’ यांतील भेद फळ्यावर खडूच्या एका वळणाने दाखविता येतो. एक विद्वान आहे, दुसरा स्वयंपाकी. संगणकावर हा अर्धा र उमटविण्यासाठी साध्या ‘र’ऐवजी ‘ऱ’ घेऊन त्याला हलंत जोडावा लागतो, हे ज्याला कोणी सांगितले नाही त्याच्या पडद्यावर आचारी आचार्य होऊन बसतात. पाकळीचा ल आणि शेंडीफोड्या श यांचेही तसेच. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी मराठी वर्णमालेविषयी शासन निर्णय काढला, तरी हिंदी वळणाची अक्षरे पडद्यावर येतच राहिली, कारण युनिकोड या दोन वळणांना वेगळे क्रमांक देत नाही. वळण कोणते दिसावे हे फाँट ठरवितो. भाषेच्या अध्यापकाला ही बाब किरकोळ मानता येत नाही. शुद्धलेखन शिकविताना पडदाच चुकीचा धडा देत असेल तर अध्यापकाचा संकोच रास्त ठरतो.

स्लाइड आणि ओवी

लिपीचा प्रश्न आता पुष्कळसा सुटला आहे. अधिक खोल प्रश्न पद्धतीचा आहे. १९८७ मध्ये बाजारात आलेले पॉवरपॉइंट हे कार्यालयीन सादरीकरणासाठी घडविलेले साधन. मुद्दे, उपमुद्दे, एका नजरेत मावणारा मजकूर ही त्याची प्रकृती. एडवर्ड टफ्टी यांनी २००३ मध्ये या प्रकृतीवर कठोर टीका केली, ती मुख्यतः आकडेवारी आणि तांत्रिक अहवाल यांच्या संदर्भात. कवितेच्या वर्गात हानी वेगळ्या प्रकारची होते. फळ्यावरील लेखन बोलण्याबरोबर वाढत जाते. अध्यापक एक शब्द लिहितो, थांबतो, विद्यार्थ्यांकडे पाहतो, शेजारी दुसरा शब्द लिहितो, एखादा पुसतो. मर्ढेकरांच्या कवितेतील एखादी प्रतिमा उलगडताना हा विलंबच अर्थ घडवीत असतो. स्लाइडवर कविता आणि तिचा अर्थ एकदमच हजर होतात. विद्यार्थी ते उतरवून घेतो, आता तर छायाचित्र काढून घेतो, आणि वाचनाची क्रिया घडण्याआधीच संपते. अशा तासिकेला तंत्रस्नेही म्हटले जाते. प्रत्यक्षात ती मार्गदर्शक पुस्तिकेची प्रकाशमान आवृत्ती असते, आणि विमानातील त्या भूगोलाच्या वर्गापेक्षा फारशी पुढे गेलेली नसते.

याउलट एक उदाहरण. जात्यावरच्या ओव्या अभ्यासक्रमात असतात त्या छापील चार चरणांच्या रूपात. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या आणि १९९०च्या दशकात त्यांतील अनेकींचे ध्वनिमुद्रण झाले. २०१७ पासून ‘पारी’ या संग्रहाद्वारे त्या आंतरजालावर प्रसिद्ध होऊ लागल्या. हे ध्वनिमुद्रण वर्गात ऐकविले की छापील पानावर नसलेले बरेच काही समोर येते. चरणामागून येणारे पालुपद, दोघींनी उचललेला सूर, श्वासासाठी तुटणारी ओळ, बोलीतील उच्चार. छंदाचे जे नियम पाठ करविले जातात ते गळ्यात किती लवचीक असतात हे विद्यार्थ्याला कानांनी कळते. यासाठी खर्चीक सभागृह लागत नाही; एक भ्रमणध्वनी आणि बरा ध्वनिक्षेपक पुरतो. मात्र ओवी म्हणजे काय, ती कोणी, कोणत्या श्रमात गायिली आणि कोणती ओवी कोणत्या क्षणी ऐकवावी हे जाणणारा अध्यापक लागतो. क्यूबन केवळ वापराचे तास मोजून थांबत नाहीत हे खरे. तथापि त्यांच्या निकषांत या वीस मिनिटांचे आणि वीस मिनिटांच्या स्लाइडचे मोल वेगळे दाखविण्याची सोय नाही.

पडद्यापुरता उरलेला वर्ग

क्यूबन यांच्या मांडणीचा दुसरा आधार म्हणजे वर्गखोलीचे स्थैर्य. २००१ च्या ‘ओव्हरसोल्ड अँड अंडरयूज्ड’ या ग्रंथात त्यांनी सिलिकॉन व्हॅलीतील शाळा आणि खुद्द स्टॅनफर्ड विद्यापीठ यांचा अभ्यास करून दाखविले की संगणक मुबलक असूनही अध्यापक त्यांचा वापर मुख्यतः तयारीसाठी करतात. शिकविण्याची रीत फारशी बदलत नाही. मार्च २०२० मध्ये हे स्थैर्यच नाहीसे झाले. निवड परिस्थितीने बांधलेली राहिली नाही, कारण निवडच राहिली नाही. ज्यांनी कधी प्रक्षेपकाला हात लावला नव्हता अशा अध्यापकांनी काही आठवड्यांत झूम आणि गूगल मीटवर तासिका सुरू केल्या. अध्यापक शिकू शकत नाही या गृहीतकाला याहून सबळ उत्तर नाही, आणि त्याचे श्रेय अध्यापकांना फारसे दिले गेले नाही.

पण त्या काळात मराठीच्या विषयाचे काय झाले, हा प्रश्न उरतो. २८ ऑगस्ट २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर अंतिम वर्षाच्या परीक्षा घेणे भाग पडले आणि राज्यातील बहुतेक विद्यापीठांनी त्या बहुपर्यायी प्रश्नांच्या स्वरूपात घेतल्या. आपत्काळात दुसरा मार्ग सुचविणे अवघड होते, हे मान्यच आहे. तरीही कादंबरीच्या आकलनाची परीक्षा चार पर्यायांत घेतली गेली तेव्हा यंत्राने प्रथमच शिकविण्याच्या रीतीला बगल देऊन थेट विषयाच्या गाभ्याला हात घातला. कोणत्या वर्षी कोणती कृती प्रसिद्ध झाली हे विचारता आले, ती का वाचावी हे विचारता आले नाही. क्यूबन यांचे लक्ष अध्यापनावर इतके खिळलेले आहे की मूल्यमापनाच्या दाराने येणारे यंत्र त्यांच्या चौकटीत बसत नाही.

नोंदीचे तंत्रज्ञान

आपल्याकडे तिसराही घटक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत माहिती-तंत्रज्ञानाधारित अध्यापन-साहित्याच्या निर्मितीला संशोधन-गुणांकनात स्थान मिळाले. नॅकच्या मूल्यांकनातही अशी साधने वापरणाऱ्या अध्यापकांची माहिती मागविली गेली. हेतू प्रोत्साहनाचा होता. परिणामी तंत्रज्ञान ही वर्गात करावयाची गोष्ट राहण्यापेक्षा संचिकेत लावावयाची गोष्ट होण्याचा धोका निर्माण झाला. प्रक्षेपकासमोर उभ्या अध्यापकाचे छायाचित्र पुरावा म्हणून जोडले जाते. क्यूबन यांच्या क्रमातील शेवटची पायरी ठपक्याची आहे. येथे ठपका टाळण्याची सोय कागदावर उपलब्ध झाल्याने निराशेची पायरीही गाळली गेली, आणि निराशा नाही म्हणून तपासणीही नाही.

या पार्श्वभूमीवर सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांचे काम वेगळे उठून दिसते. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाल्यामुळे ते सर्वज्ञात झाले. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापण्याची कल्पना शिक्षकाने स्वतःच्या वर्गातील अडचणीतून उचलली आणि पाठ्यपुस्तक हे सर्वांत जुने साधन न हटविता त्यालाच जोडली. वरून लादलेली साधने कपाटात जातात आणि शिक्षकाच्या अडचणीशी जोडलेली टिकतात, या क्यूबन यांच्या प्रतिपादनाचे याहून चपखल उदाहरण अमेरिकेतही सहजी सापडू नये.

स्वतः क्यूबन २०१८ च्या ‘द फ्लाइट ऑफ अ बटरफ्लाय ऑर द पाथ ऑफ अ बुलेट?’ या ग्रंथात पुन्हा वर्गात जाऊन बसले. तंत्रज्ञान उत्तम वापरतात असा लौकिक असलेल्या चाळीसहून अधिक शिक्षकांचे वर्ग त्यांनी पाहिले. साधने आता पार्श्वभूमीत सरकली आहेत, शिक्षकांच्या कामाच्या तपशिलात बरेच बदल झाले आहेत आणि तरी पाठाची घडण ओळखीचीच आहे, असे त्यांना आढळले. वयाच्या ऐंशीनंतर पुन्हा मागच्या बाकावर बसून वही उघडण्याची ही चिकाटी अनुकरणीय आहे. मराठी विभागांतून अशी पाहणी करावयाची झाल्यास वहीत साधनाच्या नावाशेजारी आणखी काही रकाने आखावे लागतील : कोणती कृती शिकविली जात होती, पडद्यावरील मजकूर कोणत्या वळणाच्या अक्षरांत होता, ध्वनिमुद्रण ऐकविण्यापूर्वी अध्यापकाने काय सांगितले, आणि ते संपल्यावर वर्गात पहिले कोण बोलले.