पंचामुखी परमेश्वर

नाटकाचं परीक्षण होतं, पुस्तकाचं होतं, गाण्याच्या बैठकीचं होतं. आमच्याकडे तर लग्नातल्या वांग्याच्या भाजीचंही होतं, आणि तेही पंगत उठायच्या आत. मात्र खेळ बघायला जमलेल्या माणसांचं परीक्षण आजवर कुणी मनावर घेतलेलं दिसत नाही. वास्तविक खेळाडू नव्वद मिनिटं खेळतो आणि घरी जातो. प्रेक्षक त्यानंतर आठ दिवस खेळत असतो. त्यातून पंचाचा एखादा निर्णय वादग्रस्त निघाला, तर हा प्रयोग महिनोन् महिने हाउसफुल्ल चालतो. एवढ्या मोठ्या लोककलेकडे समीक्षकांनी पाठ फिरवावी हे काही बरं नाही. म्हणून ते काम मी अंगावर घेतो आहे. माझी पात्रता विचाराल, तर आयुष्यात मी कुठलाही खेळ धड खेळलेलो नाही. आणि समीक्षकाला याहून अधिक काही लागतं, असं माझ्या वाचनात नाही.

माझं गाव फुलसावंगी. जिल्हा यवतमाळ, तालुका महागाव. कापूस, सोयाबीन आणि मतं ही इथली मुख्य पिकं. त्यांपैकी तिसरं, पाऊस पडो न पडो, हमखास येतं. पंचावर ओरडायची परंपरा आमच्या भागात जुनी आहे. शंकरपटात कुणाची जोडी आधी पोचली यावरून सोयरिकी मोडायची वेळ आलेली लोकांनी पाहिली आहे. २०१४ साली बैलांच्या शर्यतींवर बंदी आली आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या. मधली सात वर्षं कित्येक खणखणीत गळ्यांची नुसती उपासमार झाली, आणि क्रिकेटच्या अंपायरवर नाहक जादा बोजा पडला.

फुटबॉल मात्र आमच्याकडे उशिरा आला, आणि तोही कोल्हापूरमार्गे. आमचा भाचा तिकडे शिकायला गेला. जाताना "येतो मामा" म्हणून गेला आणि दिवाळीला आला तो "मामा, आम्ही पाटाकडीलवाले" म्हणत आला. पाटाकडील ही तालीम आहे असं कळल्यावर बहिणीने त्याच्या खुराकात अर्धा लिटर दूध वाढवलं. महिन्याभराने उलगडा झाला, की कोल्हापुरात तालमीच्या नावाने फुटबॉल खेळतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं तालमींची. पण ती नावं घेऊन मैदानात उतरतात ते अकरा जण बूट घालून. अनिकेत जाधव हा कोल्हापूरचाच मुलगा २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा ही काही पोरखेळाची गोष्ट नव्हे.

भाच्याच्या आग्रहाने मी एकदा शाहू स्टेडियमवर सामना पाहिला. खरं म्हणजे सामना फारसा पाहिला नाही. माझं लक्ष शेजारी होतं. शेजारी साठीचे एक गृहस्थ भडंगाची पुडी घेऊन बसले होते. ऑफसाइड आहे की नाही हे नीट कळायला त्या रेषेत उभं राहावं लागतं. म्हणून तर लाइनमन बिचारा सामनाभर खेळाडूंच्या बरोबरीने पळत असतो. आमचे गृहस्थ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, तिरक्या कोनात, पुढच्या माणसाच्या टोपीआडून बघत होते. तरी त्यांना लाइनमनच्या आधी दिसलं. "काय ओ पंच, चष्मा घरात इसरला काय?" असं म्हणत ते ताडकन उभे राहिले, पण पुडीतला एक दाणा खाली सांडला नाही. ही सिद्धी एका दिवसात येत नाही. पेठेत दोन-तीन पिढ्या जाव्या लागतात. पाच मिनिटांनी त्याच पंचाने उलट बाजूचा तसाच एक निर्णय दिला, तेव्हा ते समाधानाने मला म्हणाले, "बघा, सुधारला."

या कलेतला पहिला दोष इथेच नोंदवून ठेवतो. प्रेक्षकाची स्मरणशक्ती जबर, पण एकाक्ष असते. आपल्यावरचा अन्याय त्याला सालासकट पाठ असतो. आपल्या पदरात चुकून पडलेला गोल त्याच्या लेखी कष्टाची कमाई असते. दुसरा दोष अधिक गंभीर. कोल्हापुरातही कधी कधी या ओरडण्याचे दगड होतात आणि पोलिसांना मध्ये पडावं लागतं. दगड फेकणारा तो रसिक नव्हे. ज्याचे शब्द संपले, त्याच्या हाती दगड येतो.

भाच्याने सुटीत येताना हा रोग गावात आणला. ३ मार्च २०२३ च्या शुक्रवारी रात्री आमच्या ओट्यावर त्याच्या मोबाइलभोवती आठ जण बसलो होतो. इंडियन सुपर लीगचा बाद फेरीचा सामना, बेंगळुरू विरुद्ध केरळ. फुलसावंगीचा या दोन्ही गावांशी काडीचा संबंध नाही. पण पक्ष घेतल्याशिवाय खेळ बघणं म्हणजे मिठाशिवाय पिठलं. केरळचे सदरे पिवळे, पिवळा रंग भंडाऱ्याचा, म्हणून आम्ही केरळचे झालो. जादा वेळेतलं सहावं मिनिट होतं. बेंगळुरूला फ्री किक मिळाली. केरळचे खेळाडू भिंत उभी करत होते, गोलरक्षक ती सरळ करत होता, आणि तेवढ्यात सुनील छेत्रीने चेंडू अलगद जाळ्यात टाकून दिला. पंचाने गोल दिला. केरळच्या प्रशिक्षकांनी सगळा संघ मैदानाबाहेर बोलावून घेतला, तो परत आलाच नाही, आणि सामना बेंगळुरूला बहाल झाला.

आमच्या ओट्यावर जे झालं ते पाहून वाटलं, की हा सामना बंगळुरात उगीच भरवला. सगळ्यांच्या वर आवाज आमच्या वकीलसाहेबांचा. हे गृहस्थ वकील नाहीत. धुऱ्यावरून त्यांची शेजाऱ्याशी सोळा वर्षांपासून केस चालू आहे आणि तारखा करून करून त्यांना कायदा अंगवळणी पडला आहे, म्हणून गाव त्यांना वकीलसाहेब म्हणतं. "त्यानं शिटी वाजवलीच नाही ना गा! शिटीबिगर गोल म्हंजे सहीबिगर सातबारा!" एवढा सुंदर दृष्टान्त मी कुठल्या क्रीडासमीक्षेत वाचलेला नाही. अडचण एवढीच, की नियम तसा नाही. ज्याला फ्री किक मिळाली त्याला ती चटकन घेता येते; शिट्टीसाठी थांबा असं पंचाने सांगितलं असेल, तरच थांबायचं. भाच्याने हे सांगितलं, तर वकीलसाहेब म्हणाले, "मंग नियमच विकला हाय."

पुढे केरळच्या संघाला ४ कोटींचा दंड झाला, प्रशिक्षकांवर दहा सामन्यांची बंदी आली. पण संघ कोचीच्या विमानतळावर उतरला तेव्हा चाहत्यांनी त्या प्रशिक्षकांचं स्वागत लढाई जिंकून आलेल्या सेनापतीसारखं केलं. वकीलसाहेब या बातमीने गहिवरले. मला त्यांच्या गहिवरण्याचं कारण नंतर उमगलं. सोळा वर्षांत त्यांना कोर्टात एकदाही आवाज चढवता आलेला नाही. तिथे हात जोडून उभं राहायचं आणि पुढची तारीख घेऊन एसटी पकडायची. फुटबॉलचा पंच मात्र असा न्यायाधीश, जो क्षणात निकाल देतो, आणि वर आपल्याला त्याच्यावर ओरडूही देतो! हे सुख सोडायला कोण तयार होईल? म्हणून या ओरडण्याला निव्वळ उनाडपणा म्हणायला माझं मन धजत नाही. त्यात खऱ्या न्यायाची भूक आहे. ती भलत्या ताटावर बसते, एवढंच.

फुटबॉल परका खेळ आहे, म्हणून हे होतं, असं कुणी म्हणेल. मग आपल्या कुस्तीकडे बघू. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याला महाराष्ट्र केसरीत महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख यांची लढत झाली. महेंद्रने बाहेरची टांग लावली, पंचांनी चार गुण दिले, आणि त्या चार गुणांचा हिशेब महाराष्ट्र पुढे कित्येक दिवस कामधंदा सोडून करत बसला. पंचांना फोनवरून धमकी आल्याचं प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. दोन वर्षांनी, २ फेब्रुवारी २०२५ ला, अहिल्यानगरच्या मैदानात पंचांनी शिवराज राक्षेला पृथ्वीराज मोहोळविरुद्ध चितपट ठरवलं. शिवराजचं म्हणणं, दोन्ही खांदे टेकलेच नाहीत. आणि गोष्ट पंचाच्या कॉलरपर्यंत आणि लाथेपर्यंत गेली. मग अंतिम कुस्तीत पंचांच्या निर्णयावर रागावून मैदान सोडलं ते कुणी? त्याच महेंद्र गायकवाडने. गदा मोहोळकडे गेली आणि राक्षे व गायकवाड दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. एकदा पंच माणसाला चार गुण देतो आणि एकदा त्यालाच घरी पाठवतो. देवाचं याहून निराळं काय असतं?

त्या चितपटीचं चित्र आम्ही मोबाइलवर थांबवून पाहिलं. चालू होतं तोवर दोघेच भांडत होते. थांबवल्यावर आठही जण भांडायला लागले. चौघांना खांदा टेकलेला दिसला, तिघांना नाही, आणि आठव्याने चष्मा आणला नव्हता, तरी त्याचं मत सर्वांत ठाम होतं.

यंत्र आलं म्हणजे भांडण मिटेल, अशी शहाण्या माणसांची समजूत होती. १९८६ च्या विश्वचषकात मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने गोल केला, तेव्हा ट्युनिशियाचे पंच अली बिन नासर यांच्यापाशी फक्त दोन डोळे होते, आणि त्यांना हात दिसला नाही. इंग्लंडने त्यांना आजतागायत क्षमा केलेली नाही. मॅराडोना मात्र २०१५ साली त्यांच्या घरी जाऊन सही केलेला सदरा देऊन आला. तो चेंडू पंचांकडेच राहिला होता. २०२२ मध्ये तो लिलावात सुमारे वीस लाख पौंडांना गेला. ज्यांना हात दिसला नाही, त्यांचाच हात असा ओला झाला. पुढे २०१८ च्या विश्वचषकापासून चित्रफीत बघून निर्णय तपासणारा पंच आला. परिणाम एवढाच, की पूर्वी लोक एका माणसाला शिव्या देत, आता खोलीत बसलेल्या दोघा-चौघांना आणि वरून पडद्यालाही देतात.

आता या कलेची किंमत सांगतो. ती मैदानावरच्या पोरांना मोजावी लागते. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे कबड्डीचे सामने ठरले. शेजारच्या तांड्यावरची पंधरा-सोळा वर्षांची पोरं दोन महिने सराव करून टेम्पोने आली. सगळं होतं, पंच नव्हता. आदल्या वर्षी ज्या क्रीडाशिक्षकांनी काम केलं होतं, त्यांच्या मोटारसायकलच्या दोन्ही चाकांतली हवा सामन्यानंतर कुणीतरी सोडली होती आणि ते रात्री गाडी ढकलत फाट्यापर्यंत गेले होते. यंदा त्यांच्या साडूकडे कार्यक्रम निघाला. दुसऱ्या पंचांना विचारलं, तर त्यांच्याही साडूकडे कार्यक्रम. चार पंच, चार साडू आणि एकच तारीख! पोरं थंडीत चड्डी-बनियनवर तास दीड तास कुडकुडत उभी राहिली. शेवटी कुणीतरी शिट्टी वकीलसाहेबांच्या हातात दिली. "तुम्हाले सगळं दिसते ना? मंग व्हा उभे."

तिसऱ्याच चढाईला वाद. चढाई करणाऱ्या पोराने निदान रेषा ओलांडली की नाही? आणि तो पोरगा कोण, तर धुऱ्याच्या केसमधल्या विरुद्ध पार्टीचा नातू. वकीलसाहेब खाली वाकले. फक्कीची रेषा पायांनी पार पुसून गेली होती. जिच्यासाठी सगळे भांडत होते ती जागेवर नव्हतीच. बराच वेळ ते माती बघत राहिले. मग हात वर करून म्हणाले, "बाद." अर्धं मैदान ओरडलं, "केसचा राग काढला!" दहा मिनिटांनी त्याच पोराला त्यांनी पकडीतून सुटल्याचा गुण दिला. उरलेलं अर्धं मैदान ओरडलं, "तडजोड झाली वाटते!" वकीलसाहेब एक शब्द बोलले नाहीत. मध्यंतराला त्यांनी फक्कीचं घमेलं मागवलं आणि स्वतः वाकून, दोरी धरून, सगळ्या रेषा नव्याने मारल्या. सामना ट्रॅक्टरच्या उजेडात पूर्ण झाला. तांड्याची पोरं एका गुणाने हरली आणि गाणी म्हणत टेम्पोत चढली.

समीक्षकाने शेवटी निकाल द्यायचा असतो, तर देतो. आमच्या प्रेक्षकांचा आवाज उत्तम, तयारी दांडगी, तळमळ अस्सल. कल्पनाशक्ती मात्र थकत चालली आहे. "आंधळा" आणि "विकला गेला" या दोन शब्दांवर वर्षानुवर्षं दुकान चालवणं या मातीला शोभत नाही. सहीबिगर सातबाऱ्याच्या तोडीचं काही वर्षातून एकदा तरी यावं. पाचामुखी परमेश्वर म्हणतात ते गावाच्या पंचांना; मैदानावर तो एकाच मुखात शिट्टी घालून उभा असतो, आणि त्यालाही रात्री घरी जायचं असतं. ओरडा, खुशाल ओरडा. फक्त चाकातली हवा चाकात राहू द्या.

यंदाच्या सामन्यांना पंच हवा आहे. शाल, नारळ आणि जेवणाची सोय मंडळाकडे. साडू नसलेल्यास प्राधान्य.