आज्ञावलीची तक्रार आणि तिची साक्ष

आवृत्त्यांची नोंद ठेवणारी आज्ञावली बिघडली म्हणजे तिने केलेल्या तक्रारीवर विसंबूनच बहुधा उपाय योजला जातो. ही पद्धत कितपत ग्राह्य आहे, याचा येथे थोडक्यात विचार करावयाचा आहे.

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये सिद्ध केलेल्या ‘गिट’चे उदाहरण घेऊ. समजा, शिरवळच्या एखाद्या कारखान्यातील संगणकावर रोज रात्री आपोआप चालणारे काम दूरच्या भांडाराशी जोडणी होत नसल्याने अडते. प्रवेशाचा अधिकार व भांडाराचे अस्तित्व तपासा, एवढेच गिट सांगते. तपासावे, तर दोन्ही यथास्थित. तीच आज्ञा हाताने दिली, तर काम निर्वेध पार पडते. तक्रार खोटी नव्हे. परंतु ती निष्कर्ष आहे, साक्ष नव्हे.

साक्ष हवी असल्यास ‘स्ट्रेस’कडे वळावे लागते. पॉल क्रानेनबर्ग यांनी १९९१ मध्ये सनओएससाठी लिहिलेले हे साधन पुढे लिनक्सवर रूढ झाले. आज्ञावली कर्नलकडे जी जी मागणी करते ती, आणि तिला मिळालेले उत्तर, ते क्रमाने टिपते. गिट जोडणीचे काम एसएसएच या वेगळ्या प्रक्रियेवर सोपविते. म्हणून उपप्रक्रियांचाही माग घेणारा ‘-एफ’ हा पर्याय न दिल्यास नेमका महत्त्वाचा भाग निसटतो. तो दिल्यावर कळते की, रात्रीचे काम निराळ्या वापरकर्त्याच्या नावे चालते व किल्लीचा शोध त्याच्याच घरात होतो. उत्तर येते : ‘ईएनओईएनटी’, म्हणजे अशी फाइल नाही.

तथापि, असे नकार निर्दोष कामातही अनेक आढळतात. कारण आज्ञावली एकच वस्तू अनेक ठिकाणी धुंडाळते. दिसेल त्या नकारावर बोट ठेवणे म्हणजे एकाच पोथीवरून पाठ ठरविणे होय. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९३३ ते १९६६ या काळात महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीची पर्वे प्रसिद्ध केली, त्यांमागे अनेक पोथ्या ताडून पाहण्याची शिस्त होती. तीच येथे हवी. यशस्वी व अयशस्वी अशा दोन्ही वेळच्या नोंदी शेजारी ठेवाव्यात. प्रक्रियांचे क्रमांक, स्मृतीतील पत्ते हे भेद लेखनिकाच्या शुद्धलेखनासारखे गौण मानावेत. उरलेला पहिला अर्थपूर्ण भेद विचारात घ्यावा.

या साधनाला मर्यादाही आहेत. काम मंदावते, नोंदीत गुप्त मजकूर उतरू शकतो, आणि दोन आवृत्त्यांचा मेळ घालताना झालेली तर्काची चूक कर्नलपर्यंत पोचतच नाही. साक्षीदार काय पाहू शकला नाही, हे जाणणे हाही चिकित्सेचाच भाग आहे.