दर दहा सेकंदांना दहापट

चार्ल्स व रे ईम्स या दांपत्याचा 'पॉवर्स ऑफ टेन' हा जेमतेम ९ मिनिटांचा लघुपट १९७७ सालचा. आमच्या पाहण्यात मात्र तो नुकताच आला. शिकागोत सरोवराकाठच्या बागेत सहलीला आलेला माणूस झोपलेला आहे. कॅमेरा त्याच्यापासून वर जातो. दर १० सेकंदांना अंतर दहापट! १ वर २४ शून्ये इतके मीटर दूर जाऊन तो परततो आणि त्या माणसाच्या हातातील एका अणुकेंद्रात शिरतो. आम्ही थक्क झालो.

एक उणीव मात्र जाणवली. पहिली उडी ९ मीटरची, शेवटची सुमारे ९ कोटी प्रकाशवर्षांची. वेळ दोन्हींना सारखाच. त्यामुळे डोळ्यांना त्या सारख्याच वाटतात आणि विश्वाचा पसारा निसटून जातो. ज्या पुस्तकावरून हा लघुपट सुचला, ते केस बूके या डच शिक्षकाचे (१९५७). त्यात दर उडीला पान उलटावे लागते. विचाराला उसंत मिळते.

म्हणून वर्गात हा लघुपट प्रत्येक उडीला थांबवावा. 'आता किती पुढे आलो?' हे मुलांनीच मोजावे. ९ मिनिटांना दोन तास लागले, तरी ते सार्थकी लागतील.